सुटकेच्या टेबलावर मी बोललेलं वाक्य

शोभाताई,

प्रज्ञानं मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका तुमची लेक काढते आहे. "नाना, तुम्ही आईला तुरुंगातल्या कामापासून ओळखता, तुमचं पाहिजेच," असं ती फोनवर म्हणाली. मी हो म्हणालो. दोन पानांत हे बसणार नाही. शिवाय तिनं आठवणी मागितल्या आहेत आणि मी जे लिहिणार आहे तो एक जबाब आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी एक जबाब टाइप केला होता. तो खोटा होता. हा त्याच्या जागी धरावा.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या गेटवर आलात तेव्हा तुमच्या हातात कापडी पिशवी आणि एक गुंडाळलेली चादर होती. झडतीवाल्या शिपाई बाईंनी चादर झटकून झटकून बघितली. "मुक्काम करणार का काय मॅडम?" तुम्ही म्हणालात, "आवं, पडद्याला आणलीय. माणसाला आपल्या आजाराबद्दल बोलायला एक कोपरा तर लागंल का न्हाई?" ती चादर तुम्ही न्हाव्याच्या शेडमध्ये दोरीवर टाकलीत आणि तिच्यामागं दोन स्टुलं मांडलीत. एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला, मंगळवारी आणि शुक्रवारी. विशेषतः जे सुटायला आले आहेत त्यांच्यासाठी. आत आलेल्याची तपासणी कधीतरी होऊन जाते, पण बाहेर पडणाऱ्याचं काय, हा तुमचा प्रश्न होता. बाहेर पडणाऱ्याला बायको असते, जुने मित्र असतात, ट्रकचा धंदा असतो, कुणाला सुईचं व्यसन असतं. गेटबाहेरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात धोक्याचे, असं तुम्ही म्हणायचात.

मी सुटकेच्या टेबलावरचा लिपिक होतो. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला, तिथं नाईक होतो. सुटकेचा हुकूम आला की नाव, बापाचं नाव आणि अंगावरच्या खुणा ताडून बघायच्या, त्याचे स्वतःचे कपडे आणि सामान परत द्यायचं, अंगठा किंवा सही घ्यायची, न्यायला आलेल्या माणसाची सही घ्यायची आणि दार उघडायला सांगायचं. माणसाला तुरुंगातून बाहेर काढणारा शेवटचा हात माझा. याचा मला थोडा अभिमान होता.

आपलं पहिलं भांडण तपासणीवरूनच झालं. मी म्हणालो होतो, "एकेकाला विचारत काय बसता? सगळ्यांना रांगेत उभं करा, रक्त काढा, मोकळे व्हा. आमच्या पलटणीत इंजेक्शन द्यायचं झालं तर कुणी विचारायचं नाही."

"ही परेड हाय व्हय नाना?"

"परेडच चांगली. कुणी सुटत नाही."

"न्हाई म्हणायचा हक्क हाय त्यास्नी. इथं बाकी कशाला न्हाई म्हणता येतंय त्यांना? उठायला, जेवायला, झोपायला? एका गोष्टीला तरी म्हणू द्या."

आणि गंमत अशी की ज्यांना तुम्ही "न्हाई म्हणालास तरी चालंल" असं सांगायचात, ते जवळजवळ सगळे हो म्हणायचे. मी हे बघत होतो. पण तुमचं बरोबर आहे असं मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. आता म्हणतो.

तुम्ही मलाही चिडवायचात. "नाना, दुसऱ्यास्नी पडद्यामागं पाठवताय, तुमी कवा येणार?" मी म्हणायचो, "मी काय तसला माणूस आहे का?" तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "तसला म्हंजे कसला, ते एकदा लिहून द्या मला. मग तेवढ्यांचीच तपासणी करते, काम हलकं हुईल." शेडमधला न्हावी कैदी त्यावर इतका हसला होता की कुणाच्या तरी कानाला वस्तरा लागला.

नदीची गोष्ट लिहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

आमच्याकडून सुटलेला माणूस थेट घरी जात नसे. न्यायला आलेली माणसं त्याला आधी कृष्णेवर न्यायची. तिथं अंघोळ, नवीन कपडे, आणि तुरुंगातून अंगावर आलेलं सगळं पाण्यात सोडून द्यायचं. कपडे, चप्पल, पिशवी, सगळं. त्याशिवाय आई उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मी बावीस वर्षं नोकरी केली आणि मला हे माहीत होतं. पण त्या सोडून दिलेल्या पिशवीत काय असतं, याचा विचार मी केला नव्हता. तुम्ही एकदा एका सुटलेल्या पोराबरोबर आणि त्याच्या आईबरोबर घाटापर्यंत गेलात. परत येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसलात, चपलेला घाटावरचा चिखल तसाच.

"काय झालं?"

"महिन्याच्या गोळ्या नाना. कार्ड. सगळं गेलं पाण्यात. म्हातारीनं माझ्यादेखत टाकलं. पोरगं माझ्याकडं बघतंय, म्या त्याच्याकडं. बोलणार काय? आईला कुठं ठाऊक हाय?"

तुमचं कोडं मला लगेच सुटलं असं वाटलं. मी म्हणालो, "गोळ्या कैद्याच्या हातात देऊच नका. न्यायला आलेल्या माणसाकडे द्या. त्याच्याकडचं काही नदीत जात नाही."

"आणि त्यानं विचारलं, कशाच्या गोळ्या, तर?"

"तर सांगायचं. घरच्या माणसाला कळायला नको? उद्या त्याच्या बायकोला झालं तर?"

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते माझ्या डोक्यात पक्कं आहे. "बायकोला सांगायचंच हाय. तिची तपासणी करायचीच हाय. पर त्यानं सांगायचं, त्याच्या तोंडानं. म्या शेजारी बसते. लागलं तर दहा वेळा बसते. ज्याचं त्यानं सांगायचं, नाना. दुसऱ्यानं सांगितलं की ती बातमी हुती."

मी म्हणालो की हे पुस्तकातलं झालं. तुम्ही म्हणालात की बघू.

मग तुम्ही वेगळा उपाय काढलात. कागद नदीत जातो, तर कागदावर भरवसाच ठेवायचा नाही. सुटायच्या आधी आठ दिवस तुम्ही माणसाकडून पाठ करून घ्यायला लागलात: कुठल्या दवाखान्यात, कुठला वार, कितवी खोली, कुणाला विचारायचं. आणि नदीवरून घरी पोचला की तिसऱ्या दिवशी गोळ्या तिथं मिळतील, तोवरच्या दोन-तीन खिशात नाही, कंबरेच्या करदोट्याला बांधून. करदोटा कुणी नदीत सोडत नाही. हे तुम्हाला सुचलं आणि मला बावीस वर्षांत सुचलं नाही. पाठ करून घ्यायचं काम तुम्ही मला दिलंत. "तुमचा आवाज पलटणीतला हाय. तुमी घोकून घ्या." मी टेबलावरून सुटणाऱ्या प्रत्येकाला, आजार असो नसो, विचारायचो, "वार?" "सोमवार!" "खोली?" "चार!" "कुणाला विचारणार?" "शोभाताईला!" बाकीचे शिपाई हसायचे. शेवटी निरोधचं पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात घालताना मी दुसरीकडे बघायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "आवं नाना, तुमी लाजला की ते बी लाजतंय."

ते वर्ष माझ्या नोकरीतलं चांगलं वर्ष होतं.

आता दत्ता. हे त्याचं खरं नाव नाही, आणि पुढं त्याचं गाव, बाजार आणि काम लिहिलंय तेही बदलून. बांधावरच्या मारामारीत आत आला होता. अकरा महिने कच्चा कैदी. तुमच्या पडद्यामागं त्याला कळलं. पहिले चार दिवस तो जेवला नाही, मग गोळ्या सुरू झाल्या आणि अंगानं भरला. तुम्ही त्याच्याबरोबर ठरवून ठेवलं होतं: जामीन झाला की आधी तुम्ही, तो आणि त्याची बायको तिघं दवाखान्यात भेटायचं, तिथं तो बायकोला सांगणार, लगेच तिची तपासणी. दत्ता ते वाक्य तालमीसारखं म्हणून बघायचा. एकदा मी ऐकलं. "तुला एक सांगायचं हाय, भिऊ नगंस." एवढंच. पुढं त्याला जमत नव्हतं.

तुम्हाला आठवडाभर प्रशिक्षणासाठी सांगलीला जायचं होतं. जाताना तुम्ही त्याच्या गोळ्यांची पिशवी माझ्या कपाटात ठेवलीत. "जामीन मधीच झाला तर त्याच्या हातात द्या नाना. एकट्याला. आतल्या खोलीत. दोन-तीन करदोट्याला बांधू द्या. दुसऱ्या कुणाम्होरं न्हाई." मी म्हणालो, "काळजी करू नका."

जामीन गुरुवारी दुपारी झाला. न्यायला त्याचा चुलता आला. मी मान वर केली तर समोर आमच्या कंपनीचे सुभेदार साहेब उभे. रिटायर होऊन बारा वर्षं झालेली, पण मिशी तीच, काठी तशीच बगलेत. मी खुर्चीवरून कधी उठलो ते मला कळलं नाही. त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. दत्ता अजून आतल्या दाराशी खुणा तपासून घेत होता. त्याचं सामान काढायला मी कपाट उघडलं, सामानाबरोबर ती पिशवीही टेबलावर ठेवली. ती आधी बाजूला काढायला हवी होती. बाटली वाजली.

"ये दवाई किसकी है?"

"त्याचीच, साहेब."

"काय झालंय?"

"जरा ताकदीच्या…"

"नाईक." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "साफ बोलो."

ताई, मी नंतर या क्षणाचा फार विचार केला. मला कुणी धमकावलं नव्हतं. ते माझे अधिकारी राहिले नव्हते. ते एका शेतकरी घरातले म्हातारे होते आणि मी सरकारी टेबलावर बसलेला सरकारी माणूस होतो. पण त्या आवाजानं 'नाईक' म्हटलं की पायाच्या टाचा जुळायच्या आणि तोंडातून खरं यायचं. सतरा वर्षं मला तेच शिकवलं होतं. आणि त्याच्या जोडीला माझी स्वतःची खात्री होती की घरच्यांना कळलंच पाहिजे. सवय आणि खात्री दोन्ही एकत्र आल्या. मी म्हणालो, "एचआयव्ही आहे, साहेब."

पाच सेकंदही लागले नाहीत. तेवढ्यात दत्ता आला. तो चुलत्याच्या पाया पडायला वाकला आणि सुभेदार साहेबांनी पाय मागे घेतला. दत्तानं माझ्याकडं बघितलं नाही, टेबलावरच्या पिशवीकडं बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं की काहीतरी झालं. काय झालं आणि कुणी केलं ते नाही.

नदीवर त्याची अंघोळ झाली. घरात त्याला घेतलं नाही. उसाच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत त्याला ठेवलं आणि ताट वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी बायकोला माहेरी पाठवलं. जाताना तिला तिच्या सासूनं अंगणात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकत असताना कारण सांगितलं. दत्ता जे वाक्य घोकत होता ते त्याला म्हणायला मिळालं नाही. दोन महिन्यांनी तो गावातून निघून गेला आणि गोळ्या बंद झाल्या.

मग तक्रार आली. त्याच्या सासऱ्यानं दवाखान्यात येऊन आरडाओरडा केला, "बाईनं माझ्या लेकीचं नाव गावभर केलं." चौकशी लागली. आजार कुणाला माहीत होता? डॉक्टर आणि तुम्ही. सुटकेच्या टेबलावरच्या लिपिकाला असल्या गोष्टी माहीत नसतात, असं कागदावर होतं. सुभेदार साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "बाईंचा फोन आला होता." मला वाचवायला त्यांनी ते सांगितलं. मी त्यांना तसं म्हणालो नव्हतो. पण ते तसं म्हणाले आहेत, हे कळल्यावर मी काहीच म्हणालो नाही. माझा जबाब मी स्वतः टाइप केला, कारण आमच्याकडे सगळ्यांचे जबाब मीच टाइप करायचो. 'सदर पिशवीत काय होते याची मला माहिती नव्हती.' एक कार्बन कॉपी फाइलला, एक माझ्याकडे. माझ्याकडची अजून आहे.

तुमचा आत यायचा पास रद्द झाला. तुमचा करार पुढं वाढवला नाही. तुम्ही चौकशीत एवढंच म्हणालात की मी फोन केला नाही. तुमच्याकडं दुसरं काही म्हणायला नव्हतं.

काही महिन्यांनी सुभेदार साहेब मला सातारा स्टँडवर भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपला माणूस आहेस तू." मला बरं वाटलं. लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. लाज नंतर आली.

ती यायचं कारण तुम्ही. मला वाटलं होतं तुम्ही आता दिसणार नाही. कडेगावला घरी बसाल, दुसरीकडं काम बघाल. महिन्याभरात तुम्ही गेटबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभ्या दिसलात. कुठल्या तरी लहान संस्थेचं काम घेतलं होतं. आत यायला बंदी होती, बाहेर उभं राहायला नव्हती. सुटण्याच्या वेळेला यायचं, सुटलेल्याला गाठायचं, चार पावलं बरोबर चालायचं. कुणी ऐकायचं, कुणी हाकलायचं. सुटलेल्या बायकांना न्यायला आलेली माणसं तर शिव्या द्यायची. मला खिडकीतून दिसायचं. तुम्ही हात वर करून विचारायचात, "नाना, आज किती?" आणि मी बोटं दाखवायचो. तीन. पाच. कधी मूठ, म्हणजे आज कुणी नाही. तुमचा वेळ जायला नको म्हणून मी हे न चुकता करायचो. यानं काहीतरी भरून निघतंय असं मी स्वतःला सांगायचो.

दत्ताला तुम्हीच शोधलंत. आठ महिन्यांनी, लोणंदच्या कांदा बाजारात, पोती उचलताना. त्याचं वजन इतकं उतरलं होतं की पोतं उचलल्यावर तो दिसायचाच नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि हसायचा प्रयत्न केलात. त्याला पुन्हा गोळ्यांवर आणलंत. मग त्याच्या बायकोच्या माहेरी तीनदा गेलात. पहिल्या वेळी दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी ती स्वतःच बाहेर आली. तिची तपासणी झाली, तीन महिन्यांनी पुन्हा झाली, तिला काही नव्हतं. दोघं आज लोणंदला आहेत. हे तुमचं काम. माझ्या एका वाक्यानं जे मोडलं ते जोडायला तुम्हाला दीड वर्ष लागलं, आणि ते कुणी मोडलं हे माहीत असलेला माणूस खिडकीतून बोटं दाखवत होता.

त्याच काळात एकदा, चहाच्या गाड्यापाशी, तुम्ही मला विचारलंत. दुसरं कुणी जवळ नव्हतं.

"नाना, तुमाला काय वाटतं? सुभेदाराला कुणी सांगितलं असंल?"

मी म्हणालो, "असेल कुणीतरी."

तुम्ही चहावर फुंकर मारलीत. "व्हय. असंल."

मग तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत.

तुम्हाला माहीत होतं का? हा प्रश्न मी पंधरा वर्षं घेऊन फिरलो. माहीत असतं तर तुम्ही भांडला असता, असं मला वाटतं. मग वाटतं, नसता भांडला. ज्याचं त्यानं सांगायचं, हा नियम तुम्ही फक्त आजारापुरता ठेवला होता की नाही, ते मला ठाऊक नाही. आता ते विचारता येणार नाही. मी विचारायला उशीर केला हे खरं, पण विचारायचं माझ्याकडं नव्हतंच, सांगायचं होतं.

मी निवृत्त झालो त्या दिवशी तुम्हाला म्हणालो, "चला, आज माझी तपासणी करा." का म्हणालो, नक्की सांगता येणार नाही. तुम्हाला काहीतरी द्यावंसं वाटलं असेल. तुम्ही मला दवाखान्यात नेलंत, दार लावलंत आणि मला सगळे प्रश्न विचारलेत, जे मी शेकडो वेळा पडद्याबाहेरून ऐकले होते. "न्हाई म्हणायचं असलं तर अजून म्हणू शकता." मी ते वाक्य पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकलं. निकाल तुम्ही मला आतच सांगितलात. काही नव्हतं. बाहेर माझ्याबरोबर आलेला शिपाई बाकावर बसला होता. त्यानं चेष्टेनं विचारलं, "काय मग मॅडम, आमचे नाना पास का नापास?" तुम्ही चप्पल घालत म्हणालात, "त्यांनाच विचारा."

निकालात लपवायचं काही नव्हतं. तरी तुम्ही तो लपवलात, कारण तो माझा होता. त्या दिवशी बसमध्ये मी सातारा ते लोणंद खिडकीकडं तोंड करून बसलो.

तरीही त्यानंतर तेरा वर्षं मी गप्प राहिलो. सुरुवातीला पेन्शनची भीती होती. मग सुभेदार साहेब हयात होते. ते गेले. मग वाटलं, आता कोण विचारतंय. या कारणांतलं एकही खरं नाही. सांगायचं नव्हतं, हे खरं आहे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी कडेगावला आलो होतो. दुसऱ्या रांगेत बसलो. वंदना झाली, मग माणसं बोलली. तुमच्या खात्यातले एक निवृत्त अधिकारी तुमच्याबद्दल चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणाले, "एक चूक सोडली, तर शोभाताईंचं काम आदर्श होतं. आणि चूक कुणाकडून होत नाही?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रज्ञानं मान खाली घातली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. मी उठलो नाही.

जेवताना ती माझ्याजवळ आली आणि पुस्तिकेचं बोलली. मग म्हणाली, "त्या एका गोष्टीबद्दल लिहू नका नाना. आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याकडून नाही झालं. आम्ही ऐकून घ्यायचो."

ऐकून घ्यायचो. म्हणजे तुमच्या घरातही तुमच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की बिघडलं ते तुमच्या नोकरीचं.

मी त्याच वेळी प्रज्ञाला सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की दत्ताचा आजार सांगितल्याशिवाय मला माझी चूक सांगता येत नाही. म्हणजे तुम्हाला मोकळं करायला मी पुन्हा तेच करणार होतो. न विचारता. मी तोंड मिटलं आणि दुसऱ्या दिवशी लोणंदला दत्ताच्या घरी गेलो.

तो आता पोती उचलत नाही. बाजारात पोत्यांची तोंडं शिवतो. अंगणात दाभण आणि सुतळी घेऊन बसला होता. त्याची बायको तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, चहाच्या कपापासून. तो शिवत राहिला. दोन पोती झाली.

"आधी कुणाला सांगितलंसा?"

"कुणाला नाही. तुला पहिल्यांदा."

"प्रज्ञाताईला?"

"नाही. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू?"

त्यानं दाभण खाली ठेवलं. "ही अक्कल तवा कुठं हुती नाना?"

 तो उत्तरासाठी विचारत नव्हता.

त्याची बायको सुपावरून मान वर न करता बोलली. "म्या वरीसभर बापाच्या घरात गोठ्यालगतच्या खोलीत काढलं. माझी ताटली माझ्या सख्ख्या आईनं लांबनं सरकवली. काही नव्हतं मला. आणि लोकं म्हणाली, बाईनं सांगितलं. म्या बी तेच धरून बसले. शोभाताई पहिल्यांदा आली तवा म्या आतनं दाराला कडी घातली." तिनं सुपातला खडा वेचून टाकला. "त्या बाईनं दाराबाहेर बसून भाकरी खाल्ली आणि गेली. म्हणाली, पुन्यांदा येते."

दत्तानं दाभण पुन्हा हातात घेतलं. मग दत्ता म्हणाला, "लिवा."

"नावं बदलतो."

"आमची बदला. गाव बदला. पोरगी सातवीला हाय माझी." त्यानं सुतळी दातानं तोडली. "तुमचं बदलू नका."

"नाही बदलणार."

"चहा घेताय काय?" त्याच्या बायकोनं विचारलं. त्या आवाजात माया नव्हती. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "घ्या. शोभाताई आली की इथंच बसायची." मी बसलो आणि घेतला.

सांगलीला प्रज्ञाच्या घरी जाऊन मी तिला सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "आईनं तुम्हाला कधी विचारलं होतं का?" मी चहाच्या गाड्यापाशी झालेलं बोलणं सांगितलं. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तुमची ती चादर तिच्या हातात होती, धुऊन घडी केलेली. पडद्याची. तिनं ती टेबलावर ठेवली, मला दिली नाही. म्हणाली, "लिहून द्या. सही करून."

तुमच्या जुन्या खात्यातही मी अर्ज दिला आहे. तिथला तरुण कारकून म्हणाला, "आजोबा, ती फाइल आता कुठं सापडायची?" मी म्हणालो, "सापडली नाही तरी हा कागद आवकच्या नोंदवहीत घ्या." त्यानं शिक्का मारला.

ताई, तुम्ही मला बोलायला वेळ दिलात, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही, आणि तसं म्हटलं तर माझंच ओझं हलकं होईल. तुम्ही मला न्हाव्याच्या शेडमध्ये जे शिकवलं ते एवढंच, की माणसाची गोष्ट त्याच्या तोंडून यावी. ही माझी आहे. म्हणून माझ्या तोंडून:

त्या गुरुवारी दुपारी, सुटकेच्या टेबलावर, दत्ताच्या आजाराचं नाव त्याच्या चुलत्यांना मी सांगितलं. शोभाताईंनी कुणालाही फोन केला नव्हता. पिशवीत काय आहे हे मला माहीत होतं. पूर्वीचा माझा जबाब खोटा आहे.

नारायण ज्ञानू शेळके
निवृत्त लिपिक, सुटका विभाग
मुक्काम लोणंदजवळ, जिल्हा सातारा